फ्रेम कुठे घडली, हे बिलावर लिहा

सुरत शहरातून वराछा रस्त्याने कापोद्रा, सरथाणा ओलांडून कामरेजकडे निघाले की हिऱ्यांचे कारखाने आणि रत्नकलाकारांच्या सोसायट्या बराच वेळ सोबत करतात. जगातल्या बहुतांश हिऱ्यांना पैलू पडतात ते सुरतेतच. १ जानेवारी २०२४ पासून या पट्ट्याला एका प्रश्नाने गाठले: हा खडा निघाला कोणत्या देशाच्या खाणीतून? जी-सेव्हन देशांनी रशियन हिऱ्यांवर थेट बंदी आणली. १ मार्चपासून तिसऱ्या देशात पैलू पडून येणाऱ्या, एक कॅरेट आणि त्याहून मोठ्या रशियन हिऱ्यांनाही ती लागू झाली. तोवर रशियातला कच्चा हिरा सुरतेत घासला गेला की अमेरिकेच्या लेखी तो भारतीय माल ठरत असे. घासणाऱ्याचा देश पुरेसा होता. आता खाणीचा देशही कागदावर दाखवावा लागतो.

याच कामरेजच्या चौकातून, राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून, सुट्टीच्या दिवशी पहाटे हेल्मेट घातलेल्या सायकलस्वारांचे घोळके जातात. कुणी तापीकाठच्या टिंब्याच्या गळतेश्वरापर्यंत जाऊन परततो, कुणी बारडोलीकडे वळतो, आणि तयारीचा गडी थेट डांगातून सापुताऱ्याचा घाट गाठतो. यातल्या बऱ्याच सायकलींची किंमत लाखाच्या आसपास किंवा त्याच्याही पुढे असते. त्या घेताना गिअर किती, वजन किती, टायर कोणते, ब्रेक डिस्कचे की रिमचे, यावर महिनोन्‌महिने खल होतो. फ्रेम कुठल्या कारखान्यात तयार झाली, हे मात्र फारच थोडे जण विचारतात. विचारले तरी काउंटरमागचा माणूस बहुधा कंपनीच्या देशाचे नाव सांगून मोकळा होतो. हिऱ्याचे मूळ शोधायला जग ज्या गावाच्या दारात आले, त्या गावाच्या गिऱ्हाइकाने सायकलीचेही मूळ विचारावे आणि विक्रेत्याने ते लेखी द्यावे, ही मागणी अवाजवी नाही.

सायकलीत फ्रेम ही एकच गोष्ट अशी आहे की ती बदलली म्हणजे सायकलच बदलली. चेन, कॅसेट, टायर, ब्रेक पॅड झिजतात आणि नवे बसतात. शिमानो कंपनीचा गिअर असेल तर तो पुण्यातल्या, नाशिकमधल्या आणि सुरतेतल्या सायकलीवर सारखाच. सायकलस्वाराच्या देहाचा सगळा भार, रस्त्याचा प्रत्येक हादरा आणि उतारावरचा वेग अंगावर घेते ती फ्रेम आणि तिच्या पुढचा फोर्क. ज्या भागावर जीव टाकायचा, त्याच्याबद्दल सर्वांत कमी माहिती दिली जाते, हे खटकण्यासारखे आहे.

आपल्याकडे हे नेहमीच असे नव्हते. हिंद सायकल म्हटले की मुंबईकराला वरळीचा कारखाना आठवे. सेन-रॅले म्हणजे आसनसोल. हर्क्युलिस म्हणजे मद्रासजवळचे अंबत्तूर, जिथे १९४९ मध्ये टीआय सायकल्सची सुरुवात झाली; पुढे याच कंपनीचा एक कारखाना नाशकात आला. हीरो १९५६ मध्ये लुधियानात उभी राहिली, ॲटलस सोनीपतमध्ये. हिंद आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्या डबघाईला आल्यावर १९८० मध्ये संसदेने कायदा करून त्यांचे राष्ट्रीयीकरण केले. सायकलीचा कारखाना ही तेव्हा संसदेने दखल घ्यावी अशी, पत्ता असलेली वस्तू होती. अर्थात नाव आणि गाव यांची फारकत तेव्हाही सुरू झालेलीच होती. बीएसए हे नाव मूळचे बर्मिंगहॅमच्या शस्त्रे बनवणाऱ्या कंपनीचे. महाराष्ट्रातल्या घराघरांत आलेली बीएसए मात्र अंबत्तूरची. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी उभारलेल्या सायकल संग्रहालयात जुन्या इंग्रजी सायकली पाहताना हा फरक ठळक होतो. तिथल्या सायकलींच्या नावांमागे गावे उभी आहेत, आणि त्या गावांमधले कारखाने आता उरलेले नाहीत. नॉटिंगहॅमच्या रॅलेने १९९९ मध्ये तिथे फ्रेम बनवणे थांबवले आणि २००२ मध्ये कारखान्यालाच कुलूप लागले. रॅले हे नाव मात्र बाजारात आहेच.

हे कसे झाले, याची गोष्ट शिकागोत सुरू होते आणि तैवानात संपते. किंग लिऊ नावाच्या उद्योजकाचा ईल माशांच्या शेतीचा धंदा वादळाने बुडवला. त्यानंतर त्याने १९७२ मध्ये तैचुंगजवळ सायकलींचा कारखाना काढला आणि त्याला जायंट हे नाव दिले. सुरुवातीला तो दुसऱ्यांच्या नावाने माल बनवत असे. अमेरिकेतली तेव्हाची बलाढ्य कंपनी श्विन त्याची गिऱ्हाईक झाली. १९८० मध्ये श्विनच्या शिकागो कारखान्यात संप झाला, आणि कंपनीने आपले काम मोठ्या प्रमाणात तैवानला सोपवले. काही वर्षांत श्विनच्या सायकलींचा फार मोठा हिस्सा जायंट बनवू लागली. पुढे श्विनने स्वस्ताईसाठी चीनमधल्या दुसऱ्या कारखान्याशी सोयरीक केली. तोपर्यंत जायंटने स्वतःच्या नावाने विक्री सुरू केली होती. १९९२ मध्ये श्विनने दिवाळखोरी जाहीर केली. जायंट जगातल्या सर्वांत मोठ्या सायकल उत्पादकांपैकी एक झाली. काम ज्याच्या हातात होते, धंदाही शेवटी त्याच्याच हातात गेला.

जायंट निघाली त्याच वर्षी, १९७२ मध्ये, तैवानातच मेरिडा सुरू झाली. २००१ मध्ये तिने अमेरिकेच्या स्पेशलाइज्ड या कंपनीत मोठा हिस्सा विकत घेतला, आणि स्पेशलाइज्डच्या कितीतरी सायकली तीच बनवते. कॅननडेलच्या फ्रेमवर एकेकाळी अमेरिकेत हाताने बनवल्याचे अभिमानाने लिहिलेले असे. पेनसिल्व्हेनियातल्या बेडफर्डचे ते काम २०१० च्या सुमारास बंद होऊन आशियात गेले. इटलीची पिनारेल्लो आशियात तयार झालेल्या फ्रेम ट्रेव्हिझोत आणून रंगवते. फ्रान्सच्या लूकचा कारखाना ट्युनिशियात आहे. थोडक्यात, हँडलबारवरचे नाव युरोप-अमेरिकेचे आणि नळ्या जोडणारा हात बहुधा आशियाचा, ही आजची सर्वसाधारण स्थिती.

म्हणून आशियातली फ्रेम कमअस्सल, असा निष्कर्ष कुणी काढला तर तो चुकीचा ठरेल. इथे कोल्नागोचे उदाहरण बोलके आहे. इटलीतल्या कांबियागोची ही कंपनी आपली सी मालिका, म्हणजे सी-सिक्स्टीफोर, सी-सिक्स्टीएट, इटलीत बनवते आणि तसे सांगते. शर्यतीसाठीची व्ही मालिका आशियात बनते, आणि तेही ती लपवत नाही. तादेई पोगाचारने २०२० ची टूर द फ्रान्स जिंकली ती या आशियाई व्ही-थ्रीआरएसवर. जगातल्या सर्वांत कठीण शर्यतीच्या विजेत्याला ती फ्रेम पुरली, तर कामरेज-सापुतारा करणाऱ्याला ती कमी पडण्याचे कारण नाही. इथे मोलाचा आहे तो कोल्नागोचा खुलेपणा. दोन मालिका, दोन देश, दोन किमती, आणि गिऱ्हाइकाला आधी माहिती. काय घ्यायचे ते तो ठरवतो.

मग देश चांगला-वाईट ठरवायचा नसेल, तर विचारायचे कशासाठी?

पहिले कारण धातूचे आहे. रोड बाइकच्या स्वस्त आणि मध्यम किमतीच्या फ्रेम ॲल्युमिनियमच्या असतात, आणि ६०६१ हा त्यातला नेहमीचा मिश्रधातू. या धातूच्या नळ्या वेल्डिंगने जोडल्या की सांध्याच्या आसपासची ताकद बरीच उतरते. ती परत आणण्यासाठी जोडलेली अख्खी फ्रेम सुमारे ५३० अंश सेल्सियसला तापवून झटकन थंड करतात, सरळ करतात आणि मग कमी तापमानाच्या भट्टीत काही तास ठेवतात. मोठ्या भट्ट्या, तापमानावर बारीक नजर आणि वाकलेली फ्रेम वेळेत सरळ करणारा अनुभवी कारागीर, हे सगळे लागते. रंग चढल्यावर हे काम नीट झाले की नाही, ते डोळ्यांना दिसत नाही. दुकानात उभ्या असलेल्या दोन चकचकीत फ्रेममधला खरा फरक भट्टीतल्या त्या काही तासांत पडलेला असतो, आणि तो कारखान्यालाच माहीत असतो.

कार्बनचे काम तर आणखी हातावरचे आहे. राळेत भिजवलेल्या कार्बन कापडाचे शेकडो लहान तुकडे ठरलेल्या दिशेने, ठरलेल्या थरांत साच्यात रचायचे, आतून हवेचा दाब द्यायचा आणि तापवून पक्के करायचे. तुकडा थोडा सरकला, थरांत सुरकुती पडली, हवेचा बुडबुडा राहिला, की तिथे कमकुवत जागा तयार होते. जपानच्या टोरे कंपनीचे तंतू वापरल्याचे जाहिरातीत झळकते, ते खरेही असते. पण उत्तम सूत मिळाले म्हणून लुगडे आपोआप उत्तम विणले जात नाही, हे सुरतेच्या मागवाल्याला सांगायला नको. रचणारा हात कोणाचा, तपासणारा डोळा कोणाचा, हे विचारावेच लागते. चांगल्या कारखान्यात आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ४२१० प्रमाणे चाचण्या होतात. त्यातल्या एकीत नमुन्याच्या फ्रेमवर पेडलचा दाब एक लाख वेळा दिला जातो आणि तडा जातो का ते पाहतात. अमुक मॉडेलची ही चाचणी झाली आहे का, हे गिऱ्हाइकाने विचारले तर विक्रेत्याला राग येण्याचे कारण नाही.

दुसरे कारण माग काढण्याचे. जपानी मालाबद्दल आपल्याकडे आंधळा म्हणावा इतका विश्वास आहे, आणि त्याच जपानच्या शिमानोने सप्टेंबर २०२३ मध्ये जगभर क्रँक, म्हणजे पेडल जोडलेले दांडे, तपासणीसाठी परत बोलावले. जून २०१२ ते जून २०१९ या काळात बनलेल्या अल्टेग्रा आणि ड्युरा-एसच्या अकरा गिअरच्या क्रँकमध्ये चिकटवलेले दोन भाग सुटत होते. एकट्या अमेरिका आणि कॅनडात असे सुमारे ७,६०,००० क्रँक होते, आणि सुटल्याच्या साडेचार हजारांहून अधिक तक्रारी आल्या होत्या. महाराष्ट्रात आणि गुजरातेत लांब पल्ल्याच्या सायकलींवर हेच क्रँक सर्रास दिसतात. देशाचे नाव इथे कामी आले नाही. कामी आला तो क्रँकच्या मागच्या बाजूला कोरलेला दोन अक्षरी संकेत. त्यावरून माल कधीचा ते कळले आणि कोणाचा क्रँक तपासायचा तेही. फ्रेमचेही तसेच आहे. उत्पादक कोण, उत्पादनाची खेप कोणती, क्रमांक कोणता, याची साखळी शाबूत असेल तर दोष सापडल्यावर कंपनी सायकलस्वारापर्यंत पोचू शकते. ती तुटलेली असेल तर तडा गेल्यावर माणूस दुकान, वितरक आणि कंपनी या तिघांच्या दारात फिरत राहतो.

सायकलीचा छंद हा आपल्याकडे आता चार हौशींचा राहिलेला नाही. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघातून ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने पार केली. त्यांच्यामागून गावोगावी माणसे ब्रेव्हेच्या, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्यांच्या, नादाला लागली: २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ६०० चाळीस तासांत. रात्री ट्रकच्या प्रकाशात महामार्गाच्या कडेने जाणाऱ्या या लोकांची फ्रेम वर्षाकाठी हजारो किलोमीटर सोसते. घाटाच्या उतारावर ताशी पन्नास-साठचा वेग असताना हेड ट्यूबपाशी तडा गेला तर सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून हा प्रश्न सुरक्षेचा आहे.

तिसरे कारण सुरतेने तरी दुर्लक्षू नये असे. २४ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने जायंटचा तैवानमध्ये बनलेला माल बंदरातच अडवण्याचा आदेश काढला. त्यात सायकली होत्या, सुटे भाग होते. कारण दर्जाचे नव्हते. कारखान्यातल्या मजुरांच्या बाबतीत सक्तीच्या श्रमाच्या खुणा दिसतात, असे खात्याने म्हटले: कर्जात अडकवणे, पगार रोखणे, अतोनात जादा काम, राहण्याच्या आणि कामाच्या वाईट अवस्था, असहायतेचा गैरफायदा. तैवानच्या कारखान्यांत व्हिएतनाम, थायलंड, इंडोनेशिया, फिलिपिन्स अशा देशांतून मजूर येतात आणि नोकरी लावून देणाऱ्या दलालाला आधीच मोठी रक्कम भरून येतात. कामाच्या पहिल्या दिवशीच डोक्यावर देणे. ज्या तैवानच्या नावावर ‘चीनपेक्षा भारी’ म्हणून चार पैसे जास्त मोजले जातात, त्या तैवानात हे आढळले.

उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या मागावर, डाइंग मिलमध्ये आणि कारखान्यांत खपल्या. ओडिशातल्या गंजामहून आलेल्यांचेही तेच. उचल घेऊन गाव सोडणे म्हणजे काय, हे या शहराला पुस्तकातून शिकावे लागत नाही. त्या कुटुंबांतला इंजिनिअर किंवा डॉक्टर झालेला मुलगा जेव्हा पहिली रोड बाइक घेतो, तेव्हा ती जोडणारा माणूस कुठल्या अटींवर राबला, हे विचारण्याचा त्याला पुरेपूर हक्क आहे. एकट्या गिऱ्हाइकाच्या प्रश्नाने कारखाना बदलत नाही, हे खरे. पण वितरकाकडे हा प्रश्न शंभर जणांकडून गेला की तो कंपनीपर्यंत पोचवावाच लागतो.

देशाच्या नावाच्या चिठ्ठीवर किती विसंबायचे, हेही समजून घेतले पाहिजे. युरोपने चिनी सायकलींवर १९९३ मध्ये ३०.६ टक्के दंडात्मक शुल्क लावले आणि २००५ मध्ये ते ४८.५ टक्क्यांवर नेले. मग काय झाले? चिनी भाग दुसऱ्या देशात नेऊन जोडायचे आणि तिथला माल म्हणून युरोपला पाठवायचे, असे प्रकार युरोपीय आयोगाच्या तपासात उघड झाले. २०१३ मध्ये हेच शुल्क इंडोनेशिया, मलेशिया, श्रीलंका आणि ट्युनिशियातून येणाऱ्या सायकलींवर लागले. २०१५ मध्ये कंबोडिया, पाकिस्तान आणि फिलिपिन्सवर. ज्या कारखान्यांनी खरोखर तिथे काम होते हे सिद्ध केले, त्यांना सूट मिळाली. व्हिएतनामच्या सीमेला लागून असलेल्या कंबोडियातल्या बावेतमध्ये आज सायकलींचे मोठे कारखाने आहेत, आणि तिथला माल नामांकित ब्रँडच्या नावाने विकला जातो. एका देशाचे नाव वाचून समाधान मानणाऱ्याने हा इतिहास ध्यानात ठेवावा. फ्रेम कुठे झाली आणि सायकल कुठे जोडली, हे दोन निराळे प्रश्न आहेत.

भारतातली अडचण नेमकी इथेच आहे. २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या वजनमापे नियमांनुसार आयात मालावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि मूळ देश लिहावा लागतो. जुलै २०२० मध्ये अधिसूचित झालेल्या ई-कॉमर्स नियमांनी ऑनलाइन विक्रीतही मूळ देश दाखवणे बंधनकारक केले. तयार आयात सायकलीला हे पुरेसे होते. पण २०२३ च्या अर्थसंकल्पात सायकलींवरचे सीमाशुल्क ३० वरून ३५ टक्क्यांवर गेले. परदेशी फ्रेम आणून इथे बाकीचे सामान चढवण्यात कंपन्यांना फायदा दिसला तर नवल नाही. सीमाशुल्काच्या तक्त्यात सायकलीचा क्रमांक ८७१२ आणि फ्रेमचा ८७१४ खाली वेगळा आहे. म्हणजे सरकारी कागदावर फ्रेम ही स्वतंत्र वस्तू आहेच. गिऱ्हाइकाच्या हाती पडणाऱ्या चिठ्ठीवर मात्र तिला स्वतंत्र ओळ नाही. जोडणी इथली असेल तर जोडणाऱ्याचा पत्ता छापला जातो, आणि नळ्या कुठल्या ते गुलदस्त्यात राहते.

त्यावरचा उपाय साधा आहे. ठरावीक किमतीच्या वरच्या प्रत्येक सायकलीवर दोन ओळी छापाव्यात: फ्रेम व फोर्क कोणत्या देशात बनले, आणि जोडणी कुठे झाली. फ्रेमचा क्रमांक बिलावर यावा. कारखान्याचे नाव देणाऱ्या कंपनीचे स्वागत व्हावे. न देणारीने देश तरी स्पष्ट लिहावा. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. सरकारने सवलत दिली आहे तर त्याबदल्यात दोन ओळींची शाई मागणे जड नाही. ‘अमुक देशात डिझाइन’ असे ठळक आणि बनवल्याचा देश बारीक अक्षरात, ही पद्धत तर बंदच व्हायला हवी. डिझाइनचा देश सांगायला हरकत नाही, फक्त त्याच आकाराच्या अक्षरांत बाकीचेही सांगावे.

नियम येईल तेव्हा येईल. तोवर दुकानात सायकल उलटी करून पाहायला कोण अडवते? पेडलच्या आसाखाली, म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या खालच्या अंगाला, फ्रेमचा क्रमांक कोरलेला किंवा चिकटवलेला असतो. सीट ट्यूबच्या तळाशी किंवा डाउन ट्यूबच्या पोटाला मूळ देशाची छोटी चिठ्ठी बहुधा सापडते. ती सापडली नाही, खरवडलेली दिसली किंवा क्रमांकावर जाड रंग चढलेला असेल, तर व्यवहार थांबवावा. क्रमांक आणि मॉडेलचे वर्ष लिहून कंपनीला थेट ईमेल केला तर फ्रेमचा देश विचारता येतो. उत्तर आले नाही, तर तेही एक उत्तरच समजावे. दुकानदाराने तोंडी सांगितलेला देश बिलावर लिहून मागावा. प्रामाणिक माणूस लिहून देतो.

काही चिठ्ठ्या फसव्या नसतात, पण त्यांचा अर्थ चुकीचा लावला जातो. फ्रेमवर आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेचा, म्हणजे यूसीआयचा, मंजुरीचा शिक्का असतो. २०११ पासून सुरू झालेल्या या पद्धतीत फ्रेमचा आकार आणि मापे शर्यतीच्या नियमात बसतात एवढेच पाहिले जाते. मजबुती किंवा मूळ देश याची ती ग्वाही नाही. तसेच पोलादी फ्रेमवर रेनॉल्ड्स किंवा कोलंबस असे लिहिलेले असते, ते नळ्या कोणाच्या ते सांगते. रेनॉल्ड्सच्या, म्हणजे बर्मिंगहॅमच्या, नळ्या तैवानातही जोडल्या जातात.

सर्वांत जपून राहायचे ते जुन्या बाजारात आणि परदेशी संकेतस्थळांवर. चीनमध्ये खुल्या साच्यातल्या कार्बन फ्रेम मिळतात. कुणाच्याही ब्रँडच्या नसलेल्या, मागेल तो रंग आणि मागेल ते नाव चढवून देणाऱ्या. त्यातल्या काही बऱ्या निघतातही. पण नामांकित कंपनीचे नाव रंगवलेली, मूळ किमतीच्या पाव भावातली फ्रेम ही सरळसरळ बनावट असते, आणि तिची चाचणी कोणी, कधी केली याचा पुरावा कुठेच नसतो. सुरतेत सर्टिफिकेटशिवाय मोठा खडा कुणी घेत नाही. समाजमाध्यमांवरच्या जाहिरातीतून जुनी सायकल घेणाऱ्यानेही क्रमांकाचा फोटो, मूळ बिल आणि कंपनीची क्रमांकाबाबतची पुष्टी याशिवाय पैसे पाठवू नयेत.

आणि भारतीय फ्रेमचे काय? लुधियाना हे आजही देशाच्या सायकल उद्योगाचे केंद्र आहे, आणि साध्या पोलादी सायकलीत त्याचा हात धरणारे कमी. २०१५ मध्ये हीरोने फायरफॉक्स विकत घेतली ती महाग सायकलींच्या बाजारात उतरण्यासाठीच. हलक्या रोड फ्रेमचा पल्ला अजून गाठायचा आहे. त्यासाठी लागणारा कच्चा माल उद्या कामरेजपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर तयार होऊ शकतो: रिलायन्सने ऑगस्ट २०२२ च्या वार्षिक सभेत हजिऱ्याला वर्षाला २०,००० टन क्षमतेचा कार्बन फायबर कारखाना उभारण्याची घोषणा केली. तंतू इथला, कापड विणण्याची पिढीजात अक्कल इथली, आणि बारीक हातकामात जगाने नावाजलेले रत्नकलाकार इथले. हिऱ्यांच्या मंदीत काम गेलेल्यांना कार्बनचे थर रचण्याचे प्रशिक्षण देऊन कुणी उद्योजक पुढे आला तर त्याला माणसे शोधत हिंडावे लागणार नाही. पण अशा कारखान्याला गिऱ्हाईक मिळेल ते फ्रेमचे मूळ पाहून पैसे मोजणारा वर्ग आधी तयार असेल तरच. इटलीचे नाव आणि अनामिक कारखाना यावरच समाधान मानणाऱ्या बाजारात सुरतेची फ्रेम विकायची तर तिलाही इटालियन नाव घ्यावे लागेल.

तोवर ज्यांनी यंदाच्या दिवाळीसाठी पैसे बाजूला ठेवले आहेत, त्यांनी दुकानात जाण्याआधी आवडलेल्या दोन-तीन मॉडेलच्या वितरकांना एकच लेखी प्रश्न पाठवावा: फ्रेम आणि फोर्क कोणत्या देशात, कोणत्या कारखान्यात बनले, आणि मोडले तर हमी कोण पाळणार? ज्याचे उत्तर तिन्ही मुद्द्यांवर येईल त्याच्याकडे पैसे द्यावेत. वेष्टनावर आयात मालाचा मूळ देशच छापलेला नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि जिल्ह्याच्या वजनमापे कार्यालयात लेखी तक्रारही देता येते. बिल आणि चिठ्ठीचा फोटो सोबत जोडावा.